शेवटच्या खोलीत वायफाय पोचत नाही – नवा राऊटर घ्यावा का?

खिडकीपाशी

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचं घर एकाच मजल्यावर आहे, पण आगगाडीच्या डब्यांसारखं लांबट. फायबर मुख्य दाराकडून आत येते, त्यामुळे राऊटरही तिथेच, चपलांच्या कपाटात (बाहेर बरा दिसत नाही म्हणून). माझं कामाचं टेबल शेवटच्या खोलीत. मधे हॉल, मग स्वयंपाकघर, मग न्हाणीघर.

टेबलावर बसून मीटिंग सुरू केली की दहाव्या मिनिटाला माझा चेहरा गोठतो, तोही नेमका तोंड उघडं असताना. नवल म्हणजे त्याच खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप ठेवला की सगळं सुरळीत. अंतर मोजून सात पावलं. फोन कधी दोन दांड्या दाखवतो, कधी तीन.

मुलगा म्हणतो मेश (घरभर ठेवायचे, आपसात जोडलेले वायफायचे डबे) घेऊ. मित्र म्हणतो एक्स्टेंडर (रेंज पुढे नेणारा डबा) बस्स झाला. एकाने सहा ॲन्टेनांचा राऊटर सुचवला, म्हणे भिंती फोडून जातो. बायको म्हणते टेबल हलव. कोणाचं ऐकू?

निवांत

वहिनींचं ऐका. धागा संपला.

तारवाला

थांबा, अजून काहीही विकत घेऊ नका. आणि त्या दांड्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो.

आकडा बघा. तो डीबीएममध्ये (रेंजच्या शक्तीचं माप) असतो आणि उणे असतो. राऊटरसमोर उभं राहिलं की साधारण उणे ३५-४० येतो. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ मीटिंग सुखाने चालते. उणे ७५ च्या पुढे रडारड सुरू होते आणि उणे ८५ ला नुसतं जोडल्यासारखं दिसतं, काम काही होत नाही. हा आकडा फूटपट्टीसारखा वाचू नका. ३ ने घसरला की शक्ती निम्मी, १० ने घसरला की दहावा हिस्सा. म्हणजे उणे ५१ चा उणे ८१ झाला तर हजारातला एक भाग उरला.

अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर जातीचं कुठलंही ॲप चालेल. मॅक असेल तर ऑप्शनचं बटण दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, आकडा तिथेच दिसतो. आयफोनवर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. मग कागदावर घराचा नकाशा काढा, प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा आणि आकडे लिहा. राऊटर ज्या दोन पट्ट्यांवर (बँडवर) बोलतो त्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे वेगवेगळे.

चौकस

चपलांच्या कपाटात?? आधी त्या बिचाऱ्याला बाहेर काढा.

खटपट्या

मी एक्स्टेंडर घेतला होता. शेवटच्या खोलीतच लावला, कारण रेंज तिथे नव्हती. फोनवर पाचही दांड्या आल्या आणि नेट मात्र तसंच मेलेलं. कस्टमर केअरशी तासभर भांडलो. परत केला.

तारवाला

@खटपट्या, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एक्स्टेंडर स्वतः काही निर्माण करत नाही, ऐकलेलं पुढे सांगतो. त्यालाच धड ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार, तुमच्या पाच दांड्या या तुम्ही आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या होत्या. तो अर्ध्या वाटेवर लावायचा, जिथे राऊटरची रेंज अजून उणे ६५ च्या आत आहे. आणि साधा एका बँडचा असेल तर ऐकणं आणि बोलणं दोन्ही त्याच चॅनलवर, आळीपाळीने. वेग जवळपास निम्मा होतो.

खटपट्या

हे आधी कळलं असतं तर तो तासभर तरी वाचला असता.

मनीमाऊ

आमच्याकडे अगदी हाच प्रकार होता. कारण निघालं कपाटाचा आरसा. अख्ख्या भिंतीएवढं सरकत्या दारांचं कपाट आणि त्यावर वरपासून खालपर्यंत आरसे. आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो, लहरी त्यावरून परत फिरतात. कपाटामागची खोली म्हणजे गुहा झाली होती. धागाकर्ते, तुमच्या वाटेत काय काय आहे? फ्रिज? पाण्याची टाकी? माशांचं टँक?

अर्धवटराव

माशांनाही नेट लागतं हो आजकाल. जाळं तेवढं त्यांना नको असतं.

खिडकीपाशी

मोजलं! ५ गिगाहर्ट्झचे आकडे :

कपाटाचं दार बंद असताना त्याच्या समोर उणे ४६, उघडल्यावर उणे ३८. हॉलच्या मधोमध उणे ५३. स्वयंपाकघराच्या दारात उणे ६१. फ्रिजच्या पलीकडे उणे ७२. शेवटच्या खोलीच्या दारात उणे ७४. टेबलावर उणे ८३. आणि खिडकीच्या कट्ट्यावर उणे ६६!

२.४ वर टेबलापाशी उणे ७३ येतात, पण चालत तेही धड नाही. @मनीमाऊ ताई, टेबलामागच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे : फरश्या, गीझर, वर पाण्याची छोटी टाकी आणि बेसिनवरचा आरसा. सगळे एका ओळीत उभे.

मोजताना बायको मागून नकाशा बघत होती. "म्हणजे टेबलच चुकीच्या जागी आहे" एवढंच म्हणाली.

निवांत

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

सेवानिवृत्त

खिडकीचं कोडं फार अवघड नाही. तुमच्या हॉललाही त्याच बाजूला खिडकी असणार. लहरी हॉलच्या खिडकीतून बाहेर पडतात, समोरच्या इमारतीवर आपटतात आणि तुमच्या खोलीच्या खिडकीतून आत येतात. सरळ वाटेत गीझर, टाकी, सळयांचं काँक्रीट. वळसा लांबचा असला तरी तो मोकळ्या हवेतून आहे.

आणखी एक प्रयोग करून बघा. टेबलावर फोन ठेवून तो दोन-दोन बोटं सरकवा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहा. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेपाच सेंटीमीटर, २.४ ची साडेबारा. वेगवेगळ्या भिंतींवरून आलेल्या लहरी एका जागी एकमेकींना भर घालतात आणि तिथून काही सेंटीमीटरवर एकमेकींना खोडतात. आमच्या वेळी रेडिओ लावला की माणूस खोलीत कुठे उभा आहे त्यावर खरखर बदलायची, त्यातलाच हा प्रकार.

खिडकीपाशी

@सेवानिवृत्त काका, करून बघितलं. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात उणे ७९, तिथून चार बोटांवर उणे ८६, पुढे पुन्हा उणे ८०. हॉलला त्याच बाजूला खिडकी आहे. समोरची इमारतही आहे. मी तिला इतकी वर्षं उजेड अडवते म्हणून शिव्या घालत होतो.

कुंपणावरून

अवांतर : या खोडाखोडीवर तोडगा काढूनच आजचं वेगवान वायफाय उभं राहिलं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात घराच्या भिंतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनींच्या गोंधळातून संदेश वेगळा कसा काढायचा याची पद्धत बसवली. त्याचं अमेरिकी पेटंट १९९६ चं. ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्राकडचे. आकाशातले क्षीण संकेत पकडताना हाताशी असलेलं गणित इथे कामाला आलं.

चौकस

अहो, वायफायचा शोध हेडी लमार या नटीने लावला ना? सगळीकडे फिरतं ते.

कुंपणावरून

फिरतं खरं, पण ते ताणून लांबवलेलं आहे. हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये पेटंट मिळालं ते पाणतीराला रेडिओने दिशा देताना शत्रूने अडथळा आणू नये म्हणून लहरींची वारंवारता सतत बदलत ठेवण्याचं. कल्पना अफलातून. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकात त्या तत्त्वाचा एक पर्याय होताही. पण आज आपल्या घरात जे चालतं ते तसं उड्या मारत नाही. उड्या मारतं ते ब्लूटूथ.

अर्धवटराव

मीही रेंज शोधत घरभर उड्याच मारतो. पेटंट मिळेल का?

दूरदृष्टी

इतका काथ्याकूट कशाला? मी जुना राऊटर फेकून नवा मोठा आणला, घर भरून रेंज आली. प्रश्न मिटला. तारेबिरेच्या भानगडीत कोण पडणार!

तारवाला

@दूरदृष्टी, जुना किती जुना होता? एकच बँड असलेला असेल तर नवा येताच फरक पडणारच, त्यात वाद नाही. पण 'भिंती फोडून जातो' हे सोडा. राऊटरने किती शक्तीने बोलायचं याला कायद्याने मर्यादा आहे, सहा ॲन्टेना लावल्या म्हणून ती सहापट होत नाही. आणि संभाषण दोन्हीकडून असतं. राऊटर गच्चीवरून ओरडला तरी फोन बॅटरी वाचवत कुजबुजणार. त्याची कुजबुज राऊटरपर्यंत पोचली नाही की रेंज भरलेली दिसते आणि पान उघडत नाही. धागाकर्त्यांच्या वाटेत गीझर आणि टाकी आहे, राऊटर बदलून ती काही पारदर्शक होणार नाहीत. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

दूरदृष्टी

जुना २.४ वालाच होता. ठीक आहे, माघार घेतो. पण माझ्या घरात पखालीच्या औषधाने म्हैस बरी झाली, एवढं नोंदवून ठेवतो.

शेजारीण

चॅनल बदलून बघितलात का? माझ्या इमारतीत ॲपवर तीस नेटवर्कं दिसतात. मी हुशारी केली आणि चॅनल ३ निवडला, कारण तिथे कोणीच नव्हतं. तरीही २.४ वर गोगलगाय.

तारवाला

ताई, तिथे कोणी नव्हतं त्याला कारण आहे. २.४ मध्ये एक चॅनल पुढच्यापासून ५ मेगाहर्ट्झवर असतो आणि प्रत्येकाला पसरायला २० लागतात. म्हणजे ३ वर बसलं की १ वाल्यांचाही आवाज आणि ६ वाल्यांचाही. एकमेकांवर न चढणारे तीनच : १, ६ आणि ११. एकाच चॅनलवरचे राऊटर निदान एकमेकांचं ऐकून आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अर्धवट चढलेल्या शेजाऱ्याचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट होतो. तिघांतला कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० वरच ठेवा, ४० नको.

शेजारीण

बदलला, ११ केला. फरक आहे! पण मायक्रोवेव्ह लावला की अजूनही मेलं.

कुंपणावरून

मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, थेट त्याच पट्ट्यात. दारातून थोडंसं निसटलं तरी वायफायपुढे ते वाजंत्र्यांसारखं. ज्यांना जमेल ती यंत्रं ५ वर हलवा. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावल्यावर २.४ मार खातं, हेही बघा. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं. डिस्क हातभर लांब ठेवली की बरं वाटतं.

मनीमाऊ

ॲन्टेनांबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या चिरंजीवांनी चारही दांडे माझ्या खोलीकडे रोखून ठेवले होते, बंदुकीसारखे.

सेवानिवृत्त

ॲन्टेना म्हणजे पाण्याची नळी नव्हे की जिकडे तोंड तिकडे धार. लहरी दांड्याच्या अंगातून चहूबाजूंना पसरतात, दांडा मधे आणि भोवती फुगवलेली ट्यूब अशी कल्पना करा. टोकाच्या दिशेने सर्वांत कमी. एका मजल्यावर पोचवायचं तर उभा ठेवा. वरच्या मजल्यासाठी एखादा आडवा करा.

झोपाळू

वाचनखूण साठवली. उद्या सकाळी आमच्या राऊटरचे दांडे सरळ करणार. (उद्या म्हणजे कधीतरी.)

पायवाट

एक वेगळा मुद्दा. मीटिंग गोठते ती दरवेळी वायफायमुळेच असं नाही. धागाकर्ते, राऊटरच्या शेजारी बसून मीटिंग करून बघितलीत का? आमच्याकडे रोज संध्याकाळी सगळं थिजायचं. पोरीच्या फोनमधले फोटो त्याच वेळी बॅकअपला जात होते. अपलोडची वाट भरली की मीटिंगचा आवाज त्या फोटोंच्या मागे रांगेत उभा राहतो. रेंज उत्तम, गोठणं तेच.

खिडकीपाशी

@पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचून हॉलमध्ये बसून दोन मीटिंगा केल्या. पहिली झकास. दुसरी गोठली! उणे ४० वर! मुलगा सहलीचे व्हिडिओ चढवत होता. म्हणजे माझ्याकडे दोन आजार निघाले. त्याचा बॅकअप रात्री ठेवायला सांगितला आहे, राऊटरमध्ये माझ्या लॅपटॉपला अग्रक्रमही दिला. राऊटर कपाटातून काढून कपाटावर ठेवला, टेबलावर उणे ८३ चे उणे ७७ झाले. पण मीटिंगला ते पुरत नाही. आता मेश?

गुंतवळ

मेश आहे माझ्याकडे, तीन डब्यांचं. चांगलं आहे, पण जादू समजू नका. डबे आपसात वायफायनेच बोलत असतील तर त्यांनाही तारवाला म्हणतात तोच अर्ध्या वाटेचा नियम. आणि फोन जुन्या डब्याला चिकटून राहतो. मी नव्या डब्याच्या मांडीवर बसलेय आणि फोन दारापाशी असलेल्याशी लगट करतोय. कुठल्या डब्याला धरायचं ते शेवटी फोन ठरवतो. वायफायच्या ८०२.११ या मानकाचे के, व्ही, आर हे जे प्रकार असतात ते त्याला नुसती सूचना देतात किंवा उडी झटपट करून देतात.

तारवाला

सहमत. माझं मत पहिल्या दिवसापासून एकच आहे, नावातच आहे : तार ओढा. दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत एक कॅट-६ केबल, टोकाला जुना पडलेला राऊटर ॲक्सेस पॉइंट (तारेतून आलेलं नेट वायफायने वाटणारा) म्हणून. केबलला गीझर दिसत नाही. १०० मीटरपर्यंत काही फरक पडत नाही. फक्त तांब्याचीच घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते, ती टोकाशी पटकन तुटते.

खटपट्या

जुना राऊटर जोडताना माझ्यासारखं करू नका. मी नुसती केबल खुपसली आणि मोकळा झालो. घरात दोन राऊटर, दोघेही पत्ते वाटायला बसले. टीव्हीला एकाने पत्ता दिला, प्रिंटरला दुसऱ्याने, कोणाचाच डाव लागेना. दोन दिवस नेट येतंय-जातंय. शेवटी भाच्याने येऊन दुसऱ्याचं डीएचसीपी (म्हणजे हे पत्ते वाटणं) बंद केलं आणि केबल वॅनमधून (बाहेरच्या इंटरनेटचं भोक) काढून लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) भोकात लावली.

तारवाला

अगदी. आणि दुसऱ्या राऊटरचा स्वतःचा पत्ताही बदलायचा, नाहीतर दोघांचा एकच असतो. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर ही सगळी कामं एका टिचकीत होतात. नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखाच, चॅनल मात्र वेगळा.

खिडकीपाशी

तार ओढली! छताच्या कडेने केसिंग पट्टीतून, २२ मीटर. क्रिम्पर (कनेक्टर दाबायची पक्कड) मित्राचा, कनेक्टर मी स्वतः दाबले (पाच वाया). जुना राऊटर टेबलामागच्या फळीवर. टेबलावर उणे ४२!! मीटिंग एकदाही गोठली नाही.

पण वेग ९४ मेगाबिटच्या वर जात नाही. प्लॅन ३०० चा आहे आणि दारापाशी २९० येतो. कितीही वेळा बघितलं तरी ९४, ९३, ९४.

तारवाला

९४ हा आकडा बघितला की मी डोळे मिटून सांगतो. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार टेकली नाही की दोन्ही टोकं गुपचूप १०० वर येतात आणि वरखर्च जाऊन हातात ९४ उरतात. कनेक्टर उजेडात धरून टोकाकडून बघा. क्रम : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्या किंवा तपकिरी जोडीतच खोट असेल. दुसरी एखादी तुटली असती तर १०० सुद्धा आलं नसतं. जुन्या राऊटरची भोकं गिगाबिटची आहेत ना, तेही तपासा.

खिडकीपाशी

भोकं गिगाबिटचीच आहेत. टॉर्च लावून कनेक्टर बघितला. सात तारांची टोकं पारदर्शक प्लास्टिकच्या भिंतीला टेकलेली, सात चकचकीत तांबूस ठिपके. आठव्या जागी ठिपकाच नाही. तपकिरी तार केसभर आखूड राहिलेली, तिच्या वरची पितळी पाती नुसतीच हवेत दाबली गेलेली. कापून पुन्हा केलं, यावेळी दाबायच्या आधी टोकं एका रेषेत छाटली. आता टेबलावर २८७.

मेशचा बेत रद्द. तारवाला, पायवाट, काका आणि सगळ्यांचे आभार.

दूरदृष्टी

तारेच्या भानगडीत पडलात आणि तरलात. अभिनंदन.

निवांत

सगळं ठीक. टेबल कुठे आहे आता?

खिडकीपाशी

खिडकीपाशी. केसिंग पट्टी ठोकताना हलवलं होतं, तिथे उजेड बरा येतो म्हणून तसंच राहू दिलं. बायकोला अजून या धाग्याबद्दल सांगितलेलं नाही.